न मारलेली लाथ

पोहण्याचा तलाव गळतो असा अहवाल आला, तेव्हा नगरपालिकेत कुणाचाही चेहरा पडला नाही. उलट घरातलं लग्न जमल्यासारखी सगळ्यांची लगबग सुरू झाली. कारण उघड होतं. वरून निधी मंजूर झाला होता तो फवाऱ्यांच्या पार्कासाठी. जमिनीतून पाणी उडणार, डोक्यावर रंगीत बादल्या उलट्या होणार, पोरं भिजणार आणि पाणी कुठेही साठणार नाही. पाणी साठणार नाही म्हणजे कुणी बुडणार नाही. कुणी बुडणार नाही म्हणजे वाचवायला माणूस नको, शिकवायला माणूस नको, पगार नको. कागदावर त्याचं नाव ‘बाल जलक्रीडा उद्यान’ असं होतं. फलकावरच्या चित्रातली सगळी मुलं एकाच दाताच्या डॉक्टरकडून निघाल्यासारखी हसत होती.

निधीला अट एकच, जागा तयार पाहिजे. आणि गावात तेवढी जागा एकच होती, तलावाची. चालू तलाव पाडता येत नाही, तसा नियम आहे. गळका पाडता येतो.

तेव्हा तलावाने गळणं भाग होतं. आणि तो बिचारा गळला. कसा गळला ते जगात एकाच माणसाला कळलं, आणि तेही चाचणी होऊन गेल्यावर.

तो माणूस म्हणजे तलावावरचा पंपवाला. तलावाच्या खोल टोकाला जमिनीखाली एक खोली होती. तिथे दोन पंप, फिल्टरच्या गंजलेल्या टाक्या आणि तो. त्याला तिथे चिकटवलं होतं त्याच्या थोरल्या बहिणीने. ती वर पोहायला शिकवायची. घरात ती ताई, तलावावरही ताई. शिकायला येणाऱ्या मुली, त्यांच्या आया, तिकीट फाडणारा, सगळ्यांचीच ताई. पोरी पाण्याला घाबरून रडायला लागल्या की ती म्हणायची, “रड हं, पोटभर रड, तलावात तेवढीच भर.” आणि पोरगी हसली की तिला आत ओढायची. भाऊ खाली पंप चालवतोय, वर आपण शिकवतोय, याचं तिला फार कौतुक. “खालून आमचं घर पाणी ढकलतं आणि वरून आमचंच घर पोरं ढकलतं,” असं सांगायची.

चाचणीला आला तो इंजिनिअर तरुण होता आणि भला होता. हीच सगळी गोची झाली. आजवर त्या खोलीत उतरलेल्या प्रत्येक साहेबाने पंपवाल्याला ‘ए’ म्हटलं होतं. हा म्हणाला, “दादा, तुम्ही जरा मदत कराल का?” चकचकीत बूट घालून तेलकट जिना उतरला आणि तोंड वाकडं केलं नाही. पंपवाल्याला वाटलं, आपल्या खोलीत पाहुणा आलाय.

चाचणी साधी होती. फिल्टर धुवून घ्यायचा, पंप बंद, सगळे व्हॉल्व्ह बंद, कुणी पाण्यात उतरायचं नाही. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची. बादलीतल्या पाण्याच्या कडेला एक खूण, तलावाच्या पाण्याच्या कडेला एक खूण. उन्हाने दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरतं. दुसऱ्या दिवशी तलावाचं जास्त उतरलेलं दिसलं तर तलाव गळतो.

आता, फिल्टर धुतल्यावर घाण पाणी नाल्याला सोडायचा जो व्हॉल्व्ह होता, तो म्हातारा झाला होता. त्याचा दांडा हाताने शेवटपर्यंत ओढला तरी आत केसभर फट राहायची. ती फट कशी बंद करायची, तर दांड्यावर टाचेने लाथ घालून. ही पद्धत पंपवाल्याला आधीच्या पंपवाल्याने शिकवली होती. नवीन व्हॉल्व्ह मागून मागून तो बिचारा निवृत्त झाला. जाताना लाथ तेवढी वारशाने देऊन गेला. फिल्टर धुतला की पंपवाला दर वेळी लाथ मारायचा. डोळे मिटून मारायचा, जसं आपण बाहेर पडताना दार ओढून घेतो.

त्या दिवशी नाही मारली. इंजिनिअर शेजारी उभा होता, “दादा, नीट बंद झाला ना?” विचारत होता. एवढ्या सभ्य माणसापुढे नगरपालिकेच्या मालमत्तेला लाथ घालायची त्याला लाज वाटली. त्याने दांडा हाताने ओढला, चांगला दम लावून ओढला, आणि हात पुसत म्हणाला, “झाला, साहेब.”

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी खुणेच्या जरासं खाली होतं. तलावाचं चांगलं बोटभर खाली.

ताई कठड्यावर उभी राहून ओरडली, “काल संध्याकाळपर्यंत गळत नव्हता, आज बरा गळायला लागला! पाण्याला आदेश गेला होता का नगरपालिकेचा?” इंजिनिअर मान खाली घालून खुणा बघत राहिला. त्याच्याही मनात काही पाप नव्हतं. पाणी उतरलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात पंपवाल्याने नेहमीसारखा फिल्टर धुतला. दांडा ओढला. आणि सवयीने लाथ घातली. बाहेर नाल्यात बारीक धार पडत होती तिचा आवाज थांबला.

तो तसाच एका पायावर उभा राहिला. मग त्याने व्हॉल्व्ह उघडला, हाताने बंद केला. नाल्यात धार चालू. लाथ घातली. धार बंद. पुन्हा उघडला, पुन्हा हाताने, पुन्हा धार. एखाद्या वेळी आवाज येणारच नाही, या आशेने त्याने ते कितीदा तरी केलं. धारेने एकदाही त्याच्यावर दया केली नाही. आख्खा दिवस आणि आख्खी रात्र तलावाचं पाणी फिल्टरमधून या फटीने नाल्याला गेलं होतं. तलावाला चीरही नव्हती. गळत होता तो हा स्वतः, साहेबापुढे शहाणा दिसायला निघालेला.

वर ताईचा आवाज येत होता. “पाय मार! पाय मार गं बेडके, हात नंतर!” बेडकी हे तिने एका पोरीला ठेवलेलं नाव. पंपवाला जिना चढून चार पावलं गेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि विडी ओढत राहिला.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती मुलीची नखं कापत होती. तिने कापणं थांबवलं नाही.

“मग? साहेबांना सांगणार?”

“सांगायला नको?”

“सांग की. मी कोण अडवणार? फक्त नवीन पार्काच्या पंपावर कोण बसणार तेही विचारून ये जाता जाता. तुझं नाव गेलंय वर. कायम म्हणून. आजवर कुणी कायम केलं होतं तुला?”

“ताईचं काय पण?”

“वन्संचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस.” तिने मुलीचा दुसरा हात ओढला. “हलू नको गं. त्या कुठेही शिकवतील. त्यांच्या हातात विद्या आहे. तुझ्या हातात काय आहे? दांडा!”

मुलगी खुदकन हसली. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. आत्याने तिला पोहायला शिकवायचा जिवाचा आटापिटा केला, पण ती पालीसारखी कठड्याला चिकटायची ती सुटायचीच नाही. फवाऱ्यांचा फलक लागल्यापासून मात्र शाळेतून येताना रोज त्याच्यापुढे थांबायची.

“बाबा, तिथे पाणी वरून येणार की खालून?”

“दोन्हीकडून.”

“आणि खोल?”

“खोल नाही.”

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही गं.”

“मग मी पहिली जाणार!”

बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. खरं सांगायचं तर त्याला तेवढं पाहणं पुरलं. भित्र्या माणसाला आपल्या भीतीला मुलीचं नाव द्यायला मिळालं की तो लगेच बाप होतो.

नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. नागरिकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, म्हणून ऐकून घेणं चाललं होतं. नगराध्यक्षाबाई मधे, इंजिनिअर कडेला, मागे पार्काचं मोठं चित्र. ताई पोरींच्या आयांना घेऊन आली होती. ती भाषण करणारी बाई नव्हे. ध्वनिक्षेपक तोंडाशी नेऊन ती तलावावर ओरडते तशीच ओरडली आणि सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

“फवारे वाईट नाहीत! माझी भाची नाचतेय फवाऱ्यांसाठी! पण पोर फवाऱ्यात भिजायला शिकतं, पोहायला नाही शिकत! आणि नदीला कठडा नसतो, बाई!”

“तलाव गळतो आहे, ताई,” नगराध्यक्षाबाई शांतपणे म्हणाल्या. “गळक्या तलावाचं आम्ही काय करावं?”

“तो गळतो असं तुमची बादली म्हणते. मी माणूस आणलाय.” तिने मागे बसलेल्या पंपवाल्याचा दंड धरून त्याला उभं केलं. “हा माझा भाऊ आहे म्हणून नका ऐकू. पंप हा चालवतो म्हणून ऐका. आणि हा खोटं बोलत नाही, लहानपणी मार खायचा पण खोटं बोलायचा नाही. बोल रे. तलाव गळतो का?”

सगळ्या माना वळल्या. पंपवाल्याने ध्वनिक्षेपक घेतला. समोर इंजिनिअर होता, आणि तो तसाच भलेपणाने बघत होता.

“साहेबांनी मोजलंय,” तो म्हणाला.

“साहेबांनी काय केलं ते मला ठाऊक आहे. तू सांग.”

“पाणी... उतरलं होतं, ताई.”

यात एक शब्द खोटा नाही. असा खोटेपणा फक्त खरं ठाऊक असलेल्या माणसालाच जमतो.

“घ्या, घरचाच माणूस सांगतोय!” नगराध्यक्षाबाई म्हणाल्या आणि सभागृहात हशा पिकला.

ताई हसली नाही, चिडलीही नाही. बाहेर जिन्यावर तिने त्याला गाठलं तेव्हा त्याला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “तू म्हणतोस म्हणजे गळतच असेल बाबा. मी उगाच त्या इंजिनिअर पोराला टोचून बोलले.” मग आयांकडे वळली. “चला गं, घरी चला. उगाच भांडण्यात अर्थ नाही. माझा भाऊ सांगतोय.”

आया घरी गेल्या. कोर्टात जाऊ म्हणणारी एक होती, तीही गेली. तलाव बुडाला तो त्या जिन्यावर. बादलीमुळे नाही.

तलाव रिकामा करायचा हुकूम आला. तो नाल्याचा व्हॉल्व्ह पंपवाल्याने स्वतःच्या हाताने सताड उघडला. पाणी गेलं, त्याला मात्र चैन पडेना. जेवण जाईना. शेवटी तो इंजिनिअरच्या कचेरीत गेला.

“दादा, या, बसा.” इंजिनिअरने स्वतः खुर्ची पुढे केली.

पंपवाला बसला नाही. उभ्याने सगळं सांगितलं, लाथेसकट. इंजिनिअर आधी हसला, मग त्याचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. त्याने उठून दार लोटलं.

“आता तलाव रिकामा झालाय,” तो हळू म्हणाला. “परत भरायचा, परत चाचणी करायची, अहवाल बदलायचा. तोवर निधीची मुदत जाईल. ना फवारे, ना तलाव. आणि तलाव जुना आहेच, दादा.”

“जुना आहे. पण गळत नाही.”

“गळेल.”

“कधी?”

“कधीतरी गळेलच ना!” त्याचा आवाज चढला, मग लाजून खाली आला. “हे कुणाकुणाला बोललात?”

“बायकोला.”

“मग तिथेच राहू द्या. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे... माझ्याही.” दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, “लाथ मारायची होतीत हो, दादा. मी काय म्हटलं असतं?”

पंपवाला तिथून सरळ तलावावर गेला. कोरडा तलाव फार ओंगळ दिसतो. भिंतींवर शेवाळाचा पट्टा, तळाशी केसांच्या पिना, एक लहानसा चष्मा. खोल टोकाला यंत्राने आधीच भगदाड पाडलं होतं. ताई तळाशी उभी राहून रांगा आखायचे दोर गुंडाळत होती. तिच्या पावलांचा आवाज रिकाम्या हौदात घुमत होता.

त्याने सांगितलं. ती दोर गुंडाळत राहिली. सगळं संपल्यावर तिने एकच विचारलं.

“सुनावणीच्या आधी कळलं होतं तुला, की नंतर?”

नंतर म्हणाला असता तर तिने ते मानलं असतं. ती मानणारीच बाई होती.

“आधी,” तो म्हणाला.

दोर तिच्या हातातून सुटला. ती तळावरच बसली.

“आणि मी सगळ्यांपुढे सांगितलं, खोटं बोलत नाही म्हणून.”

“ताई, माझं चुकलं. मी...”

“मला कशाला सांगितलंस पण आता? भोक पाडून झाल्यावर?” ती ओरडली नाही, आणि हे त्याला सोसेना. “तुझ्या पोटातलं माझ्या पोटात टाकलंस, झालं. तू जाशील घरी, जेवशील. मी उद्या त्या आयांना काय तोंड दाखवू?”

“तू सांग त्यांना. माझं नाव घेऊन सांग.”

“वा रे वा! मी सांगू?” तिने पदराने तोंड पुसलं. “तुझं लहानपणापासून हेच. काच तू फोडायचास आणि सांगायला मी. नाही सांगणार. त्यांचा तलाव होता, त्यांना तू सांग. आणि असं कोपऱ्यात गाठून एकेकीच्या कानात नको, माझ्यासारखं. ध्वनिक्षेपक हातात धरून पाणी उतरलं म्हणालास ना? तेवढ्याच मोठ्याने सांग.”

तो हो म्हणाला. आणि सांगितलं नाही.

आज सांगू, उद्या सांगू, करता करता मलबा हलला, जमीन सपाट झाली, काँक्रीट पडलं. जमिनीखाली पाण्याची टाकी बसली. तेच पाणी गाळून, औषध घालून पुन्हा पुन्हा उडवायचं. वर मऊ रबरी फरशी, निळी-पिवळी. फवाऱ्यांची तोंडं, लोखंडी फुलं, उलटणाऱ्या बादल्या. त्याला एक स्वच्छ केबिन मिळाली, बटणांचा फलक मिळाला, छातीवर नावाची पट्टी असलेला सदरा मिळाला. काम त्याला चटकन जमलं आणि आवडलंही. सर्वांत जास्त राग त्याला स्वतःच्या त्या आवडण्याचा यायचा. ताई घरी यायची बंद झाली. भिंगरीच्या वाढदिवसाला तिने कपडे पाठवले, शेजारणीच्या हाती.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. ताई आली नाही. नगराध्यक्षाबाईंनी फीत कापली, इंजिनिअरने लांबूनच मान हलवली, पंपवाल्याने बटण दाबलं. जमिनीतून पाणी उसळलं आणि पोरांनी अशी किंकाळी फोडली की केबिनची काच थरथरली. भिंगरी सगळ्यांत आधी घुसली. फवाऱ्यावर पोट टेकवून, तोंड वर करून, पाण्याला मिठी मारून ती गोल गोल फिरत होती. इतकी वर्षं पाण्याला घाबरलेलं पोर. बापाचा ऊर भरून आला, आणि त्याला त्याचीही चोरी वाटली.

मग त्याला बेडकी दिसली. बाकीची पोरं साध्या कपड्यांत भिजत होती, ही पोहायचा पोशाख, टोपी, चष्मा असा सगळा थाट करून आली होती. ती ओल्या फरशीवर पालथी पडली होती आणि हात मारत होती. एक हात, दुसरा हात, मान वळवून श्वास. फरशीवर पाणी नखभरसुद्धा नव्हतं. पोरं तिच्यावरून उड्या मारत होती. कोपरं खरचटायला लागली तेव्हा ती उठली आणि सरळ केबिनच्या खिडकीशी आली. मागून तिची आई.

“काका, हे भरणार कधी?”

“भरत नाही गं. हे असंच असतं.”

“असंच?” तिने मागे वळून पाहिलं. “पण मला श्वास घ्यायचा नीट आलेला नाही अजून. ताई म्हणाल्या होत्या, पुढच्या आठवड्यात येईल.”

“अगं, तो तलाव गळत होता ना राणी,” तिची आई तिला टॉवेलात गुंडाळत म्हणाली. मग त्याच्याकडे बघून ओशाळं हसली. “काकांनीच तर सांगितलं होतं आपल्याला.”

“नव्हता गळत,” पंपवाला म्हणाला.

“काय?”

“गळत नव्हता तलाव!”

“काय म्हणालात? ऐकू येत नाही हो, पोरं केवढी ओरडताहेत!”

त्याने फलकावरचं लाल बटण दाबलं.

फवारे एकदम खाली बसले. अर्धी भरलेली बादली वर तशीच लोंबकळत राहिली. पोरं हात वर करून उभी, मोठी माणसं माना वळवून उभी. पंपवाला केबिनच्या बाहेर आला. नगराध्यक्षाबाईंचा ध्वनिक्षेपक अजून मांडवातल्या टेबलावर होता, तो त्याने उचलला. गर्दीतून त्याची बायको मानेनेच नको, नको म्हणत होती. इंजिनिअर जागचा हलला नाही.

“बाबा!” भिंगरी ओरडली. “बंद का केलं? लाव ना!”

“लावतो. आधी ऐका.” त्याचा आवाज फाटला आणि सगळ्या मैदानावर घुमला. “तलाव गळत नव्हता. नाल्याचा व्हॉल्व्ह माझ्या हातून उघडा राहिला होता. सुनावणीत मी उभा होतो तेव्हा मला हे माहीत होतं. ताईला माहीत नव्हतं. तिने तुम्हाला माझ्या भरवशावर घरी पाठवलं.”

 बेडकीच्या आईने टॉवेल घट्ट धरला होता. मग मागून एक बाप्या ओरडला, “बरं, बरं! मग आता काय? पाणी सोडा, पोरं कुडकुडताहेत!” आणि चार लोकांनी त्याला साथ दिली, “हो ना! नंतर बोला काय ते!”

“मागे ऐकू गेलं नसेल,” पंपवाला म्हणाला, आणि ध्वनिक्षेपक तोंडाच्या आणखी जवळ नेऊन त्याने पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.